पहिल्यांदा ट्रॅकवर जाताय? पॅडच्या आधी ब्रेक ऑइलचं बोलू

भुसावळच्या एका भाऊंनी विचारलंय, ते थोडक्यात असं: "माझी पेट्रोल स्विफ्ट आहे, ५२ हजार किलोमीटर चाललेली. मित्रांबरोबर कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर, आपलीच गाडी पळवायच्या ट्रॅक डेला पहिल्यांदाच चाललोय. गाडी इथून चालवतच नेणार. एक जण म्हणतो रेसिंगचेच ब्रेक पॅड टाक, दुसरा म्हणतो कंपनीचे आहेत ते पुरे. बजेट बेताचं आहे. कोणते घेऊ?"

भाऊ, माझं गॅरेज चाळीसगावला आहे. कन्नडचा घाट उतरला की पहिलं गाव आमचं. त्यामुळे जळालेल्या ब्रेकचा वास मला दिवसातून एकदा तरी येतोच. संभाजीनगरकडून सामान आणि माणसं भरून आलेली गाडी, पूर्ण घाट टॉप गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरवलेली, चाकातून धूर आणि मालक म्हणतो, "आत्ताच सर्व्हिसिंग झालंय." पुढे छंद म्हणून मी स्वतः ट्रॅकवर जायला लागलो आणि कळलं की दोन्हीकडचा रोग एकच. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी घाटापासूनच देणार आहे.

तुम्ही विचारलंय कोणते पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी घासून गाडी थांबवणारे ते तुकडे. पण तुमची खरी अडचण पॅड किती जोरात धरतात ही नाहीच. सुक्या, मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना साठच्या वेगाला ब्रेक एकदा दाबून मारून बघा. पायाखाली एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, थरथरली ना? म्हणजे तुमचे आत्ताचे पॅड टायरला त्याच्या शेवटच्या हद्दीपर्यंत नेऊ शकतात. त्याच्या पुढे कितीही महागडा पॅड घातला तरी गाडी आधी थांबणार नाही, कारण रस्ता टायर धरतो, पॅड नाही. ट्रॅकवर प्रश्न येतो तो विसाव्या ब्रेकचा. पहिला ब्रेक सगळ्यांचाच लागतो. विसावाही तसाच लागला पाहिजे, आणि ते ठरतं उष्णतेवर.

थोडा हिशेब करू. तुम्ही आणि पेट्रोल धरून गाडी १००० किलोची समजा. गावात ६० वरून थांबलात तर ब्रेकला साधारण १४० किलोज्यूल पचवावे लागतात. ट्रॅकवर १४० वरून ६० वर आलात, गाडी थांबवलीही नाही, तरी ६१५ च्या आसपास. चौपटीहून जास्त. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, शाळेतलंच गणित. यातला सत्तर टक्क्यांच्या वर भाग पुढच्या दोन चाकांवर येतो. पुढची डिस्क पाच किलोची धरली तर अशा एकाच ब्रेकमध्ये ती ऐंशी-शंभर अंशांनी तापते. आता घाटाशी ताडून बघा. हीच गाडी उंचीने दोनशे मीटर खाली उतरली आणि सगळा भार ब्रेकवरच टाकला, तर हिशेब येतो १९६० किलोज्यूल. म्हणजे ट्रॅकवरचे असे तीन ब्रेक मारले की एक घाट उतरला. कारी ट्रॅक २.१ किलोमीटरचा, आपल्या गाड्यांना एक फेरी दीड मिनिटाच्या आसपास लागते. एका वेळचं ट्रॅकवर फिरणं, म्हणजे एक सेशन, पंधरा-वीस मिनिटांचं धरा आणि किती घाट झाले ते तुम्हीच मोजा.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे तेही सांगतो, नाहीतर कोणी म्हणेल मला तर असं झालंच नाही. ट्रॅक कोणता, याने मोठा फरक पडतो. कारी लहान आहे, वेग फार वाढत नाही, पण ब्रेकला विश्रांतीही कमी मिळते. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, तिथे वेग जास्त चढतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर किलोमीटरच्या वर लांबीचा सरळ पट्टा आहे, त्याच्या शेवटी साध्या गाडीचा ब्रेक रडतोच. गाडीचं वजन, शेजारी कोणी बसतंय का, ऊन किती, हे सगळं मोजायचं. आणि सर्वांत मोठी गोष्ट तुम्ही प्रश्नातच सांगितली आहे, पण त्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही: गाडी चालवत नेणार आणि चालवतच आणणार. जाऊन-येऊन दोन हजार किलोमीटरच्या वर रस्ता, त्यात पाऊस, ट्रक, गाईगुरं. ट्रॅकवर तुम्ही दिवसभरात फार तर शे-सव्वाशे किलोमीटर काढाल. पॅड या दोन्हींसाठी हवेत, आणि त्यातला मोठा भाग रस्त्याचा आहे.

पॅडच्या आधी ऑइल, कारण पायाचा जोर चाकापर्यंत तेच पोचवतं. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो.

पहिल्यांदा चेन्नईला गेलो तेव्हा माझ्याकडे जुनी फियाट पालिओ होती. महिनाभर डोकं खाऊन चांगले पॅड मागवले, पोरांना दाखवले, बसवले. ब्रेक ऑइल मात्र तीन वर्षांचं तसंच. ऑइलच्या डबीत पातळी बरोबर होती ना, मग झालं! गॅरेजवाल्याच्याच गाडीचे हाल. दुसऱ्या सेशनच्या सातव्या-आठव्या फेरीला मोठ्या सरळ पट्ट्याच्या शेवटी पाय टाकला आणि पेडल लोण्यात गेल्यासारखं थेट तळाला. दोनदा पंप केलं, तिसऱ्यांदा थोडं धरलं, गिअर खाली पाडले, आणि गाडी वळणाबाहेरच्या खडीत जाऊन बसली. कोणाला लागलं नाही. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या लावायच्या जागेत, येऊन चाकाजवळचं ऑइल काढायचं निपल सैल केलं तर बाटलीत काळ्या चहासारखं ऑइल आणि त्यात बुडबुडे. पॅड अगदी ठणठणीत होते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि ओलावा शिरला की त्याचा उकळबिंदू कोसळतो. डॉट ४ या दर्जाच्या ऑइलचं प्रमाण असं की नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळायला नको, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच हद्द १५५ वर येते. डॉट ५.१ ची हद्द नव्याला २६०, ओलावलेल्याला १८०. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि तुमचा पाय त्या वाफेलाच दाबत बसतो. म्हणून एक खूण कायम लक्षात ठेवा. पेडल मऊ पडून खाली गेलं तर ऑइल उकळलं. पेडल कडक आहे, जोर लावताय, पण गाडी थांबायचं नाव घेत नाही, तर पॅड तापून निसटताहेत. दोन्हींचं औषध वेगळं आहे आणि लोक दोन्हींसाठी पॅडच बदलतात.

तर जायच्या आठवडाभर आधी चारही चाकांचं जुनं ऑइल पूर्ण काढून नवं भरा. वरच्या डबीतलं सिरिंजने ओढून नवं ओतलं, याला बदलणं म्हणत नाहीत. चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधलं जुनं तिथेच राहतं आणि उकळतं तेच. चांगल्या ब्रँडचं डॉट ४, सीलबंद बाटली, तीही समोर फोडलेली. डॉट ५.१ मिळालं तर उत्तम, ते डॉट ४ च्या गाडीत चालतं. नुसतं 'डॉट ५' लिहिलेलं मात्र घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं आणि आपल्या ऑइलमध्ये मिसळत नाही. मोतुलच्या आरबीएफ ६०० सारखं रेसिंगचं ऑइलही मिळतं, त्याचा कोरडा, म्हणजे ओलावा न शिरलेल्या नव्या ऑइलचा, उकळबिंदू तीनशेच्या वर आहे. पण पहिल्या खेपेला, साध्या स्विफ्टला, ताजं डॉट ४ किंवा ५.१ पुरतं. ऑइल बदलताना आत शिरलेली हवा काढायचा चाकांचा क्रम प्रत्येक गाडीचा वेगळा असतो, तो गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. एक जण पेडलवर आणि एक निपलवर, घाई न करता.

आता पॅड. ढोबळमानाने तीन जाती धरा. पहिली जात कंपनीतून येते ती: थंडीतही पहिल्या दाबाला लागते, आवाज करत नाही, डिस्क खात नाही, पण तीनशे-साडेतीनशे अंशांच्या पुढे तिचा दम संपत जातो. दुसरी जात म्हणजे रस्त्यावरही चालणारे, पण जास्त तापमान सोसणारे पॅड. याला आमच्यात 'फास्ट रोड' म्हणतात. फेरोडोचे डीएस २५०० किंवा ईबीसीचे यलोस्टफ हे त्या जातीतले ओळखीचे. थोडी धूळ जास्त, कधी थोडी कुरकुर, पण सकाळी थंड गाडीलाही धरतात. तिसरी जात निव्वळ रेसिंगची.

तुमच्या मित्राने सांगितलेली तिसरी जात तुमच्यासाठी नाही, आणि कारण पैशाचं नाही. तो पॅड तापल्याशिवाय नीट धरतच नाही. पहाटे पाच वाजता तुम्ही हायवेला लागलात, दीड तास ब्रेकला हात लावायची वेळ आली नाही, आणि एका फाट्यावर केळीचा ट्रॅक्टर आडवा आला. त्या पहिल्या ब्रेकला थंडगार रेसिंग पॅड किती धरेल याची खात्री मी देणार नाही. शिवाय तो डिस्क खातो, किंचाळतो, आणि त्याची धूळ रिमवर बसून ओली झाली की निघता निघत नाही. त्याहून मोठं नुकसान शिकण्याचं होतं. नवख्या माणसाचा वेग फेरीगणिक वेगळा, ब्रेक मारायची जागा वेगळी. पॅड कधी तापलेला, कधी निवलेला. मग पेडलचा प्रत्येक वेळचा जबाब वेगळा येतो आणि चूक आपली की पॅडची हेच कळत नाही. कोणी म्हणेल, तिथे जाऊन बदलतो. बदलता येतात. पण प्रत्येक पॅड डिस्कवर स्वतःच्या मालाचा पातळ थर बसवतो, आणि एकाच्या थरावर दुसरा चालवला की दोन्ही धड बसत नाहीत. पहिल्या वारीत हा उपद्व्याप नको.

माझं मत असं. तुमच्या गाडीच्या नेमक्या मॉडेलला बसणारे फास्ट रोड पॅड खात्रीच्या दुकानात बिलासह मिळाले, तर पुढच्या दोन चाकांना ते घाला. 'नेमक्या' असं मुद्दाम म्हणतोय. स्विफ्ट नावाच्या गाड्यांचे पॅड पिढीनुसार आणि देशानुसार वेगळे येतात. जुना पॅड काढून नव्यावर ठेवून आकार जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका. नाही मिळाले किंवा बजेट नाही, तर कंपनीचे नवे कोरे पॅड घाला आणि निवांत जा. पहिल्या ट्रॅक डेला ते कमी पडतील, पण कमी पडण्याच्या आधी तुम्हाला भरपूर इशारा देतील. अर्धे झिजलेले पॅड मात्र नेऊ नका. पॅडची जाडी हीच, पॅड ढकलणारा पिस्टन आणि तापलेली डिस्क यांच्या मधली ढाल असते. ती पातळ झाली की उष्णता थेट ऑइलकडे जाते. पाच-सहा मिलिमीटरच्या खाली घासणारा माल उरला असेल तर मी गाडी ट्रॅकवर जाऊ देत नाही.

बऱ्याच पॅडच्या पाठीवर किंवा कडेला शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं कमी तापमानाचं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. 'एफई' दिसलं तर तापल्यावर उतरणारा पॅड, 'एफएफ' असेल तर टिकणारा. ही चाचणी लहान तुकड्यावर, ठरावीक तापमानापर्यंतच होते, त्यामुळे हीच कुंडली समजू नका. पण दुकानदार ज्या पॅडला रेसिंगचा म्हणतोय त्यावर 'ईई' छापलेलं असेल, तर पुढचं बोलणं वाचतं. डुप्लिकेट माल आपल्याकडे किती आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. खोका हुबेहूब असतो; आतला पॅड हातात घेतला की माल पाठीच्या पत्र्यापासून सुटतोय का, कडा भुरभुरताहेत का, ते दिसतं.

पॅडपेक्षा कमी चर्चा होते ती पिनांची. मागे धुळ्याचा एक पोरगा ट्रॅकवरून आल्यावर पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. "दादा, एका दिवसात संपले, माल खराब." कागद उघडला. बाहेरच्या पॅडचा चेहरा आरशासारखा चकचकीत, कडेला चुलीतल्या राखेसारखी पांढुरकी पट्टी. आतल्या पॅडचा एक कोपरा शिळ्या भाकरीच्या कडेसारखा मोडलेला. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला: बाहेरचा ७ मिलिमीटर, आतला ३. एकाच चाकाचे दोन पॅड! कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली एक जाम होती, म्हणजे सगळा जोर आतल्या पॅडवर. कोणीतरी पिनेला साधं बेअरिंगचं ग्रीस चोपडलेलं, त्याने रबर फुगून बसलं होतं. पिनेला सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीचंच ग्रीस लागतं. पॅड चांगलाच होता बिचारा.

म्हणून पॅड बदलताना चाक उघडलंच आहे तर पिना काढून साफ करा, बोटाने ढकलून सहज सरकतात का बघा. पिस्टनच्या रबराला चीर नको. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजा. कडेपर्यंत गेलेली चीर असेल तर डिस्क बाद. पृष्ठभागावरच्या केसासारख्या बारीक रेषा चालतात. भोकांची दिखाऊ डिस्क घेऊ नका, चिरा त्या भोकांपासूनच सुरू होतात. तुमच्या गाडीला मागे ड्रम असेल तर उघडून धूळ झटका, लायनर आणि सिलिंडरची गळती बघा आणि बंद करा. तिथे फार काही करायचं नसतं.

नवे पॅड बसवून थेट ट्रॅकवर जायचं नाही. नव्या पॅडमधला चिकट भाग पहिल्यांदा तापताना वायू सोडतो, आणि काही क्षण पॅड त्या वायूवर तरंगतो. ते ट्रॅकवर होण्यापेक्षा इथे होऊ द्या. दोन-तीन दिवस गावात साधी चालवा. मग पहाटे रिकाम्या रस्त्यावर ८० वरून ३० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा, प्रत्येक वेळी मध्ये थोडं अंतर चालवून. मुद्दा असा की पूर्ण थांबायचं नाही. तापलेला पॅड डिस्कवर दाबून धरला तर त्याच जागी मालाचा ठसा उमटतो, आणि मग पेडल थरथरतं. त्यालाच लोक 'डिस्क वाकली' म्हणतात आणि लेथवर नेतात. शेवटी दहा-पंधरा मिनिटं ब्रेक न वापरता चालवून गार होऊ द्या. थोडा वास येईल, तो यायलाच हवा.

ट्रॅकवर निम्मं काम तुमच्या पायाचं. नवखा माणूस भीतीने लवकर ब्रेक लावतो आणि लांबवर हलका घासत नेतो. ऊर्जा तेवढीच असते, पण पॅड डिस्कला चिकटून राहण्याचा वेळ वाढतो आणि गार व्हायचा वेळ कमी होतो. सरळ रेषेत, ठामपणे, थोडक्यात मारा आणि सोडा. सुरुवातीला चार-पाच फेऱ्या जोरात झाल्या की एक फेरी सावकाश काढा. पेडलचा प्रवास बोटभर जरी वाढलेला वाटला, तरी 'अजून एकच' करू नका, आत या. आत येताना शेवटची फेरी जमेल तितकी ब्रेकशिवाय. गाडी लावली की हँडब्रेक ओढायचा नाही. पहिल्या गिअरमध्ये टाका, चाकाला दगड लावा. आणि पाणी! आमच्या घाटाच्या पायथ्याला धूर दिसला की चहावाल्यापासून सगळे ओरडतात, "पानी टाक रे भो!" लाल तापलेल्या बिडाच्या डिस्कवर गार पाणी टाकलं की ती तडकते. ट्रॅकवरही हा उत्साही माणूस भेटतोच, त्याला लांब ठेवा.

पैशाचा क्रम विचाराल तर ऑइल पहिलं, पिना आणि डिस्कची तपासणी दुसरी, पॅड तिसरे. टायर जुने असतील तर त्यांचा नंबर पॅडच्याही आधी. सोबत अर्धा लिटर सीलबंद ऑइल, निपलचा पान्हा, पारदर्शक नळी, जॅक आणि उचललेल्या गाडीखाली लावायची घोडी ठेवा. तुमचे काढलेले जुने पॅड बरे असतील तर तेही डिकीत टाका. नवे तिकडे संपले तर परतीच्या रस्त्याला उपयोगी पडतील.

येताना वरून कन्नडमार्गे उतरणार असाल, तर घाटाच्या आधी थांबून पुढच्या दोन्ही चाकांत टॉर्च मारून पॅडची जाडी बघा, आणि घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरवा. खाली आलात की चहा माझ्याकडे. चाकं उघडून आतला आणि बाहेरचा पॅड आपण शेजारी शेजारी ठेवून मोजू.